‘प्रत्येक’ या शब्दाची कसोटी : रेडिओ दीर्घिका, क्वासार आणि पाहण्याचा कोन

१

भाषाशास्त्राला वाहिलेल्या पत्रिकेत एका खगोलशास्त्रीय निबंधाची समीक्षा यावी, याचे वाचकांस काहीसे नवल वाटेल. म्हणून आरंभीच तिचे कारण सांगणे इष्ट होईल. काही वर्षांपूर्वी एका पारिभाषिक शब्दसंग्रहातील खगोलशास्त्राच्या नोंदी भाषेच्या दृष्टीने तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्यांत ‘रेडिओ दीर्घिका’, ‘क्वासार’ आणि ‘ब्लेझार’ अशा तीन नोंदी होत्या. तिन्हींच्या व्याख्या निरनिराळ्या होत्या. प्रत्येक व्याख्येत संबंधित वस्तूला खस्थ पदार्थांचा ‘एक स्वतंत्र प्रकार’ असे म्हटले होते. वाक्यरचना निर्दोष होती, म्हणून लेखकाने त्या तशाच संमत केल्या. पुढे या विषयावरील मूळ निबंध वाचीत असता ध्यानात आले की, व्याकरणदृष्ट्या शुद्ध असलेल्या त्या तीन व्याख्या अर्थदृष्ट्या दिशाभूल करणाऱ्या होत्या. ज्यांना तीन प्रकार म्हटले होते, ते पुष्कळ अंशी एकाच वस्तूचे तीन बाजूंनी घेतलेले दर्शन होते. चूक खगोलशास्त्राची नव्हती. ‘प्रकार’ या शब्दाची होती. आणि शब्द तपासणे हेच तर लेखकाचे काम होते.

ज्या निबंधामुळे ही चूक उमगली, तो डच खगोलशास्त्रज्ञ पीटर बार्थेल यांचा असून ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक प्रश्नरूप आहे. मराठीत ते ‘प्रत्येक क्वासार शलाकित असतो काय?’ असे देता येईल. ‘शलाकित’ म्हणजे ज्याचे प्रारण एखाद्या शलाकेप्रमाणे विशिष्ट दिशेने रोखलेले आहे, असा. निबंधातील विज्ञानाची पारख करण्याचा अधिकार लेखकास नाही. ती गेल्या साडेतीन दशकांत तज्ज्ञांनी केलेलीच आहे. येथे पाहावयाचे ते एवढेच की, त्या शीर्षकातील ‘प्रत्येक’ या शब्दाने किती भार पेलला, आणि कोठे तो पेलला नाही.

२

प्रथम नावांकडे पाहू. आकाशातील वस्तूंना नावे पडतात ती त्या दिसतात कशा यावरून. आपण शुक्राला ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो. तो ग्रह आहे, तारा नव्हे, हे ठाऊक असूनही म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही. कारण त्या नावावरून कोणी शुक्राची प्रकृती ठरवू पाहत नाही. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोप फ्रेग यांनी १८९२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा हेच उदाहरण घेतले होते. दोन नावांचा निर्देश एकाच वस्तूकडे असू शकतो, परंतु ती वस्तू आपल्यापुढे येण्याची रीत दोन्ही नावांत वेगळी असते, हा त्यांचा सिद्धांत अर्थविचाराचा पाया ठरला. पहाटेचा व सांजेचा तारा एकच, हे केवळ शब्दांचे पृथक्करण करून कळत नाही. त्याकरिता आकाश पाहावे लागते.

आता प्रस्तुत विषयातील नावे घेऊ. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ हा प्रबळ रेडिओ उगम एकसंध नसून दुहेरी आहे, हे १९५३ मध्ये रॉजर जेनिसन आणि भारतीय शास्त्रज्ञ मृणालकुमार दासगुप्त यांनी इंग्लंडातील जॉड्रेल बँक येथे दाखविले. पुढच्याच वर्षी वाल्टर बाडे आणि रूडोल्फ मिंकोव्स्की यांनी त्या दोन भागांच्या मधोमध एक दूरची दीर्घिका असल्याचे प्रसिद्ध केले. जिच्यापासून रेडिओ तरंग येतात ती दीर्घिका, म्हणून ‘रेडिओ दीर्घिका’. १९६२ मध्ये ‘३सी २७३’ या उगमाचे स्थान चंद्राने त्यास झाकले त्या क्षणांवरून काटेकोरपणे निश्चित झाले. तेथे दुर्बिणीतून दिसला तो एक साधा ताराच. परंतु त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही परिचित ताऱ्याशी जुळेनात. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्या रेषा हायड्रोजनच्याच असून तांबड्या टोकाकडे सुमारे १६ टक्के सरकलेल्या आहेत, हे ओळखले. अर्थात ती वस्तू अतिदूरची होती. ताऱ्यासारखा दिसणारा रेडिओ उगम या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाचा संक्षेप करून हाँग-यी च्यू यांनी १९६४ मध्ये ‘क्वासार’ हा शब्द घडविला.

तिसऱ्या नावाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९२९ मध्ये कुनो होफमाइस्टर यांनी सरठ तारकासमूहात तेज बदलणारा एक ‘तारा’ नोंदविला, आणि बदलत्या ताऱ्यांना नावे देण्याच्या रूढीप्रमाणे त्यास ‘बीएल लॅसर्टी’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये तो एका रेडिओ उगमाशी एकरूप असल्याचे दिसून आले, आणि पुढे तो तारा नसून दूरच्या दीर्घिकेचे केंद्र आहे हे कळले. नाव मात्र ताऱ्याचेच राहिले. अशा वस्तू आणि तत्सम चंचल क्वासार यांच्या एकत्रित वर्गास १९७८ मध्ये एडवर्ड स्पीगेल यांनी दोन्ही नावांची सांगड घालून ‘ब्लेझार’ म्हटले.

सारांश, एक नाव दीर्घिकेसारखे दिसते म्हणून, दुसरे ताऱ्यासारखे दिसते म्हणून, तिसरे फार चंचल दिसते म्हणून पडले. तिन्ही नावांच्या मुळाशी ‘दिसणे’ हे क्रियापद आहे. कोणाला, कोठून दिसणे, हा प्रश्न नावे देताना कोणी विचारला नाही. त्या वेळी विचारण्याचे कारणही नव्हते.

३

भाषेत नामांचे दोन वर्ग स्थूलमानाने करता येतात. ‘आंबा’, ‘लोखंड’, ‘घोडा’ ही जातिवाचक नामे होत. बोलणारा कोठेही उभा राहो, आंबा आंबाच राहतो. याउलट ‘ऐलतीर’ आणि ‘पैलतीर’ ही नावे घ्या. नदीला काठ दोन आहेत हे खरे. परंतु त्यांतील ऐल कोणता व पैल कोणता, हे बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीवरून ठरते. नावेने पलीकडे गेले की नावांची अदलाबदल होते, काठ मात्र जागचे हलत नाहीत. ‘अलीकडे’, ‘पलीकडे’, ‘समोर’, ‘आड’ हे शब्द याच कुळातील. त्यांच्या अर्थात बोलणारा मुरलेला असतो. यांस आपण स्थितिसापेक्ष शब्द म्हणू.

बार्थेल यांच्या निबंधाचे सार भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर असे की, ‘रेडिओ दीर्घिका’ व ‘क्वासार’ हे शब्द आपण ‘आंबा’ व ‘फणस’ यांसारखे वापरीत आलो. ते वस्तुतः ‘ऐलतीर’ व ‘पैलतीर’ यांच्या जवळचे आहेत. एक फरक मात्र विसरता कामा नये. नदी ओलांडता येते. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेला वळसा घालून तिची दुसरी बाजू पाहून येणे कोणास शक्य नाही. म्हणून येथे ऐल-पैल हे पाहून नव्हे, तर अनुमानाने सिद्ध करावे लागते. या निबंधाची खरी रुची त्या अनुमानात आहे.

४

अनुमान समजण्यापुरती वस्तूची रचना पाहिली पाहिजे. प्रबळ रेडिओ दीर्घिकेच्या केंद्रस्थानी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याभोवती आत ओढला जाणारा तप्त वायू तबकडीसारखा फिरतो, आणि तिचे तेज साऱ्या दीर्घिकेच्या तेजाला मागे टाकील एवढे असते. तबकडीच्या सभोवार वेगाने फिरणारे वायूचे पुंज वर्णपटात रुंद रेषा उमटवितात. त्यांच्याही बाहेर धुळीचे एक जाड कडे असते. तबकडीच्या अक्षाला धरून दोन्ही बाजूंस, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने, द्रव्याचे दोन झोत सुटतात. हे झोत कित्येक लक्ष प्रकाशवर्षे दूर जाऊन तेथील विरळ वायूवर आदळतात आणि तेथे रेडिओ तरंगांचे दोन विस्तीर्ण पुंज निर्माण होतात. कानाच्या पाळीवरून इंग्रजीत त्यांस जे नाव पडले आहे, त्याला अनुसरून आपण त्यांस पाळ्या म्हणू. दासगुप्तांना दिसलेले दोन भाग या पाळ्याच होत.

अशा रचनेकडे पाहण्याचा कोन बदलला की दोन गोष्टी बदलतात. पहिली साधी आहे. बाजूने पाहणाऱ्यास धुळीचे कडे आड येते. तबकडी व रुंद रेषा दिसत नाहीत. दिसते ती दीर्घिका, तिच्या दोहो बाजूंस पाळ्या, आणि कड्याच्या बाहेर दूरवर पसरलेल्या मंदगती वायूच्या अरुंद रेषा. अक्षाच्या दिशेने, म्हणजे कड्याच्या तोंडातून पाहणाऱ्यास मात्र तबकडी उघडी दिसते. तिच्या तेजात दीर्घिका लोपून जाते, आणि जे उरते ते ताऱ्यासारखे भासते.

दुसरी गोष्ट सापेक्षतेच्या सिद्धांतातून निघते. प्रकाशाच्या वेगाच्या ९८ टक्के वेगाने जाणाऱ्या द्रव्याचे प्रारण सर्व दिशांस सारखे पसरत नाही. त्याचा बहुतेक भाग पुढे, अक्षाभोवतीच्या सुमारे साडेअकरा अंशांच्या शंकूत एकवटतो. हिशेब केला तर, असा झोत अगदी समोरून पाहणाऱ्यास तो बाजूने पाहणाऱ्यापेक्षा सुमारे अडीच हजार पट प्रखर दिसावा असे उत्तर येते. आपल्यापासून दूर जाणारा जुळा झोत त्याच कारणाने इतका मंद होतो की तो जणू नाहीच. यावरून क्वासारांच्या चित्रात झोत बहुधा एकाच बाजूस का दिसतो, याचा उलगडा होतो.

याच वेगामुळे आणखी एक चमत्कार घडतो. मार्टिन रीस यांनी १९६६ मध्ये त्याचे भाकीत केले आणि १९७१ मध्ये तो प्रत्यक्ष दिसला. झोतातील काही गाठी आकाशात प्रकाशाच्या वेगाच्या कित्येक पट वेगाने सरकताना भासतात. टपालाहून किंचित कमी वेगाने गावाकडे निघालेला प्रवासी वाटेतील प्रत्येक मुक्कामावरून एक पत्र टाकतो, अशी कल्पना करा. पत्रे आणि प्रवासी जवळजवळ बरोबरच चालत असल्यामुळे सर्व पत्रे गावात लागोपाठ येऊन पडतात. पत्रे हाती पडल्याच्या वेळांवरून कोणी त्याचा वेग काढू लागला तर तो अशक्यप्राय मोठा येईल. प्रवासी खोटे बोलला नाही, टपालानेही चूक केली नाही. हिशेब करणाराच प्रवाशाच्या वाटेवर बसला आहे, हे मात्र तो विसरला. वर घेतलेल्या वेगास भासमान वेग प्रकाशाच्या जवळजवळ पाचपट येऊ शकतो. तो आढळणे ही झोत आपल्या रोखाने येत असल्याची खूण होय.

५

१९८२ मध्ये ऑर आणि ब्राउन यांनी याच आधारावर क्वासारांच्या दोन पोटवर्गांचे ऐक्य सुचविले होते. ज्यांचे केंद्र प्रखर ते समोरून पाहिलेले, ज्यांच्या पाळ्या ठळक ते तिरकस पाहिलेले. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विजय कपाही आणि डी. जे. सैकिया यांनी दुहेरी क्वासारांची पाहणी करून दाखविले की, ज्यांत केंद्राचा वाटा मोठा, त्यांचा आकाशातील विस्तार लहान असतो. काठी आपल्या दिशेने रोखली म्हणजे आखूड दिसते, तसेच हे.

बार्थेल यांनी एक पाऊल पुढे टाकले, आणि ते प्रश्नाच्या रूपाने टाकले. पाळ्यांचे प्रारण सर्व दिशांस सारखे असते. म्हणून पाळ्यांच्या तेजावरून निवडलेल्या उगमांत सर्व कोनांतील वस्तू यावयास हव्यात. परंतु अशा रीतीने निवडलेल्या क्वासारांतही केंद्र प्रखर, झोत एकांगी, आणि गती प्रकाशाहून अधिक भासणारी, अशीच लक्षणे पुनःपुन्हा आढळतात. तेव्हा सारेच क्वासार आपल्याकडे कमीअधिक तोंड करून आहेत, असे दिसते. असे असेल तर ज्यांचा अक्ष आडवा आहे असे क्वासार गेले कोठे? सृष्टीने आपल्या सोयीसाठी सारे झोत पृथ्वीकडे वळविले असतील, हे संभवत नाही.

त्यांचे उत्तर असे की, ते कोठेही गेलेले नाहीत. आपण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारीत आहोत. ते म्हणजे रेडिओ दीर्घिका.

उत्तराची पारख संख्येने करता येते. केंब्रिजच्या तिसऱ्या सूचीच्या १९६२ मधील सुधारित आवृत्तीतून बार्थेल यांनी ज्यांची ताम्रच्युती ०.५ ते १ यांच्या दरम्यान आहे असे उगम घेतले. त्यांत दर सात उगमांमागे सुमारे दोन क्वासार आणि पाच रेडिओ दीर्घिका असे प्रमाण पडते. अक्ष सर्व दिशांस सारखेच वाटले गेले आहेत असे धरले, तर एवढ्या प्रमाणास सीमेचा कोन ४४.४ अंश येतो. दृष्टिरेषेपासून याच्या आत अक्ष असेल तर क्वासार, बाहेर असेल तर रेडिओ दीर्घिका. आता या एकाच कोनावरून दुसरी, स्वतंत्र गोष्ट काढता येते. शंकूच्या आतील उगमांचा मध्यक कोन सुमारे ३१ अंश, बाहेरच्यांचा सुमारे ६९ अंश. या कोनांवरून क्वासारांची लांबी रेडिओ दीर्घिकांच्या लांबीच्या साधारण निम्मी दिसावयास हवी. नेमके सांगायचे तर १ आणि १.८ असे प्रमाण यावे. प्रत्यक्षात ते दोनाच्या आसपास आढळले.

समीक्षकाच्या दृष्टीने निबंधाचे मर्म येथे आहे. मोजदाद एका गोष्टीची केली आणि उत्तर दुसऱ्याच गोष्टीचे जुळले. केवळ दोन नावे एका वस्तूला लावून ऐक्य प्रस्थापित होत नाही. ते मोजमापात उतरावे लागते. या निबंधात ते उतरले.

६

पुढे दोन दिशांनी जो पुरावा आला, तो अधिक प्रत्यक्ष आहे. ओसरीवर बसलेल्या माणसास माजघरातील दिवा दिसत नाही. पण समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड दिसतो, आणि दिवा लागला आहे हे त्यास कळते. दीर्घिकांच्या बाबतीत भिंतीचे काम कड्याच्या तोंडावरचे इलेक्ट्रॉन व धूलिकण करतात. त्यांवरून विखुरलेला प्रकाश ध्रुवित होतो, म्हणून तो वेगळा काढता येतो. रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी १९८५ मध्ये ‘एनजीसी १०६८’ या जवळच्या सक्रिय दीर्घिकेच्या ध्रुवित प्रकाशात, एरवी न दिसणाऱ्या रुंद रेषा दाखवून दिल्या. ती प्रबळ रेडिओ दीर्घिका नव्हे, पण मार्ग उघडला. १९९७ मध्ये केक दुर्बिणीने सिग्नस ए च्या ध्रुवित प्रकाशातही तशाच रुंद रेषा सापडल्या. ज्या वस्तूवरून ‘रेडिओ दीर्घिका’ ही संज्ञा रूढ झाली, तिच्याच माजघरात क्वासारचा दिवा जळत होता. सिग्नस ए च्या केंद्राभोवतीच्या कड्याची रेडिओ प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरा पुरावा भाषाभ्यासकास विशेष भावेल असा आहे, कारण त्यात ‘अलीकडे’ व ‘पलीकडे’ यांचा अक्षरशः निवाडा लागला. १९८८ मध्ये रॉबर्ट लेंग, तसेच सायमन गॅरिंग्टन व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, दोन पाळ्यांपैकी जिच्या बाजूस झोत दिसतो, तिच्या रेडिओ तरंगांचे ध्रुवण चांगले टिकून असते. दुसऱ्या बाजूचे अधिक पुसलेले असते. दीर्घिकेभोवती चुंबकीय क्षेत्र असलेल्या तप्त वायूचे आवरण असते. पलीकडच्या पाळीचे तरंग त्यातून अधिक अंतर कापून येतात, म्हणून त्यांचे ध्रुवण अधिक पुसले जाते. याचा अर्थ, झोताची बाजू अलीकडची. हेच सापेक्षतेचा हिशेबही सांगत होता. दोन साक्षीदारांची आपसांत गाठ पडण्याचा संभव नसता त्यांची जबानी एक यावी, त्यातला हा प्रकार होय.

७

येथवर प्रशंसा झाली. आता ‘प्रत्येक’ या शब्दाकडे वळू.

‘प्रत्येक क्वासार शलाकित आहे’ या विधानातून ‘प्रत्येक रेडिओ दीर्घिकेत क्वासार झाकलेला आहे’ हे विधान निघत नाही. ‘प्रत्येक वारकरी विठ्ठलभक्त आहे’ यावरून ‘प्रत्येक विठ्ठलभक्त वारकरी आहे’ असे होत नाही, हे जितके उघड, तितकेच हेही. शीर्षकातील प्रश्न पहिल्या विधानाविषयी आहे. परंतु संख्येचा हिशेब जुळविण्यासाठी निवडलेल्या पट्ट्यातील सर्वच रेडिओ दीर्घिका झाकलेल्या क्वासार म्हणून मोजाव्या लागतात, म्हणजे दुसरे विधानही मूकपणे गृहीत धरावे लागते. निबंधातील कच्चा दुवा आहे तो हा. आणि पुढील वाद मुख्यतः त्याच्याभोवती झाला.

१९७९ मध्येच हाइन आणि लाँगेअर यांनी दाखविले होते की, काही रेडिओ दीर्घिकांच्या वर्णपटात प्रखर केंद्राने उत्तेजित केलेल्या अरुंद रेषाही नाहीत, किंवा अगदी क्षीण आहेत. अरुंद रेषांचा वायू कड्याच्या बाहेर असतो. तो कशाच्या आड जात नाही. त्यालाच चेतना मिळत नसेल, तर माजघरात दिवाच नाही असे म्हणणे प्राप्त होते. अशा उगमांना हिशेबातून वगळले पाहिजे, असे लेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले. पुढे स्पिट्झर या अवकाशीय दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात शोध घेतला. झाकलेला क्वासार कडे तापवितो व कड्याची ऊब अवरक्तात बाहेर पडते. ती काही प्रबळ रेडिओ दीर्घिकांत आढळली, काहींत आढळली नाही. सर्वांत ठळक आक्षेप अशोक सिंगल यांचा. त्यांनी १९९३ मध्ये दाखविले की, ताम्रच्युतीचा पट्टा बदलला तर संख्यांचे आणि लांबीचे प्रमाण एकाच कोनावरून जुळत नाही. याला उत्तरे दोन दिशांनी आली. अँड्र्यू लॉरेन्स यांनी १९९१ मध्ये सुचविले होते की, केंद्राचे तेज जितके अधिक तितके कड्याचे तोंड रुंद होते, म्हणजे ४४.४ अंश हा सृष्टीचा स्थिरांक नव्हे. गोपालकृष्ण, कुलकर्णी आणि विटा यांनी १९९६ मध्ये उगमांच्या वाढीचा काळही हिशेबात धरून काही विसंगती दूर होते असे दाखविले.

कोनाच्या आहारी जाण्याचेही उदाहरण आहे. १९७९ मध्ये शॉयर आणि रेडहेड यांनी अशी कल्पना मांडली की, रेडिओदृष्ट्या मुके असलेले क्वासार हे प्रखर क्वासारच असून त्यांचे झोत मात्र आपल्याकडे नाहीत. क्वासारांत अशा मुक्यांचे प्रमाण सुमारे नवदशांश असल्याने ही कल्पना मोहक होती. पण झोत कोठेही वळला तरी पाळ्या दिसल्याच पाहिजेत, आणि मुक्या क्वासारांना तशा पाळ्या नाहीत. कल्पना मागे पडली. रेडिओदृष्ट्या बोलका व मुका हा भेद कोनाचा नाही. तो खरोखर जातीचा आहे. तसाच १९७४ मध्ये फॅनारॉफ आणि रायली यांनी पाळ्यांच्या आकृतीवरून केलेला वर्गभेदही कोनाने पुसला जात नाही. म्हणून तर अर्ली आणि पडोवानी यांनी १९९५ च्या आपल्या विस्तृत आढाव्यात ब्लेझारांचे दोन वर्ग या दोन निरनिराळ्या कुळांशी जोडले.

आणखी एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. ऐल-पैल बदलते ते बोलणारा हलतो म्हणून, असे आपण धरून चाललो. परंतु ‘पीबीसी जे२३३३.९−२३४३’ या प्रचंड रेडिओ दीर्घिकेत उलट घडले असल्याचे २०१७ मधील अभ्यासातून पुढे आले. तिच्या जुन्या पाळ्या आकाशात आडव्या पसरल्या आहेत, आणि केंद्रातील आजचा झोत मात्र आपल्याकडे रोखलेला आहे. झोताचीच दिशा फिरली असावी. पाळ्यांकडे पाहून तिला रेडिओ दीर्घिका म्हणावे, केंद्राकडे पाहून ब्लेझार. येथे निरीक्षक जागच्या जागी आहे आणि नदीनेच पात्र बदलले.

८

या वादातून जी शिकवण निघते ती नमुन्याविषयी आहे. उच्च वारंवारतेवर निवड केली तर समोरून पाहिलेले, प्रखर केंद्राचे उगम गरजेपेक्षा जास्त भरतात. वर घेतलेल्या वेगास साडेअकरा अंशांच्या शंकूत शंभरांतील दोनच झोत यावयास हवेत. पण तेच दोन सर्वांत मोठ्याने बोलतात. सभेत जो मोठ्याने बोलतो तोच गावाचे मत ठरतो, तसे हे होते. कमी वारंवारतेवर पाळ्यांचा आवाज मोठा असतो, आणि पाळ्यांना कोनाचा पक्षपात नाही. केंब्रिजच्या सुधारित सूचीची निवड १७८ मेगाहर्ट्झवर झाली होती. बार्थेल यांच्या अनुमानाचे बळ तेथून आले. महाराष्ट्रात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, तिचे क्षेत्रही कमी वारंवारतांचेच आहे. तिच्या साहाय्याने १५० मेगाहर्ट्झवर केलेली विस्तीर्ण आकाशाची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोनाचा प्रश्न निःपक्षपातीपणे विचारावयाचा तर साधने याच जातीची लागतात.

बोलीभाषांची पाहणी करणाऱ्यांनी हे ध्यानी घेण्यासारखे आहे. आपणही ज्या गावात रस्ता जातो आणि जो माणूस मोकळेपणाने बोलतो, त्याच्याच बोलीला त्या प्रदेशाची बोली म्हणून मोकळे होतो. दोन बोलींतील भेद हा बोलींचा, की आपण उभे होतो त्या जागेचा, हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वी विचारावयाचा असतो.

९

बार्थेल यांच्या निबंधाविषयी निर्णय द्यावयाचा तर तो असा. शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर, रेडिओदृष्ट्या प्रबळ क्वासारांपुरते, आजही ‘बहुतांशी होय’ असेच द्यावे लागते. त्याच्या व्यत्यासाचे उत्तर मात्र ‘पुष्कळ, पण सर्व नव्हे’ असे आहे. निबंधकाराने प्रश्नचिन्ह ठेवले, हा त्याचा विवेक. पुढे पाठ्यपुस्तकांतून व संग्रहांतून ते प्रश्नचिन्ह कोठे गळले आणि कोठे मूळ भेदच निरपेक्ष म्हणून राहिला, हा आपला प्रमाद. वस्तूंचे सर्व भेद खरे मानणे ही जशी चूक, तशीच सर्व भेद कोनाचे मानणे हीही चूकच.

आरंभी उल्लेखिलेल्या तीन नोंदी लेखक आज पुढीलप्रमाणे सुधारील. जाणकारांनी त्यांत भर घालावी.

रेडिओ दीर्घिका : जिच्यापासून प्रबळ रेडिओ तरंग निघतात, आणि जिच्या केंद्रातील प्रखर तेज निरीक्षकास सरळ दिसत नाही, अशी दीर्घिका. पुष्कळ रेडिओ दीर्घिकांत हे तेज धुळीच्या आड असते. काहींत ते नसतेच.

क्वासार : दूरच्या दीर्घिकेचे अतिप्रखर केंद्र, ते निरीक्षकास उघडे दिसत असताना. रेडिओदृष्ट्या प्रबळ क्वासारांचा अक्ष बहुधा निरीक्षकाच्या दिशेकडे झुकलेला असतो.

ब्लेझार : ज्याचा झोत निरीक्षकाच्या दिशेने जवळजवळ सरळ रोखलेला आहे, असे सक्रिय दीर्घिकाकेंद्र.

पूर्वीच्या व्याख्यांत ‘प्रकार’ हा शब्द तीनदा आला होता आणि ‘निरीक्षक’ एकदाही नव्हता. नव्या व्याख्यांत हे प्रमाण उलटे झाले आहे. शब्दसंग्रहाची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा या तीन ओळी दुरुस्त व्हाव्यात, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.